मूळ गाव हॉक्सलोड

श्यामकांतांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि अक्षांशापासून सुरुवात केली. हा माणूस अक्षांशापासून सुरुवात करतो तेव्हा जेवण थंड होणार, हे सुरेखाबाईंना एकोणपन्नास वर्षांच्या संसारात पक्कं कळून चुकलं होतं. त्यांनी अळूवडीच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. रॉटरडॅमच्या सुरिनामी दुकानातून आणलेली पानं, सकाळी सहाला उठून लावलेल्या वड्या. घ्या आता, बावन्न अंश एकतीस मिनिटं उत्तर.

खांबेटे कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती पुण्यात निघणार होती. संपादक श्रीकांतरावांनी जगभर पसरलेल्या सगळ्या शाखांना कळवलं होतं की, आपापल्या घरची माहिती आणि मूळ गावाचा थोडक्यात इतिहास-भूगोल दिवाळीआधी पाठवावा. त्यातला 'थोडक्यात' श्यामकांतांनी बहुधा वाचलाच नसावा. त्रेचाळीस पानं झाली होती. बरं, तीही खांबेट्यांच्या खऱ्या गावाची नव्हेत. ते गाव राजापूरच्या पुढं कुठंतरी होतं. श्यामकांत जन्मात एकदा तिथं गेले होते आणि पोट बिघडवून परत आले होते. तेव्हा त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की आपल्या शाखेचं मूळ गाव म्हणजे इंग्लंडातलं हॉक्सलोड. का? तर त्यांचे वडील अण्णा, म्हणजे डॉक्टर विनायक खांबेटे, तिथं पंचवीस वर्षं गावचे डॉक्टर होते आणि तिथंच वारले. केंब्रिजच्या वर, फेन नावाच्या सपाट, दलदलीच्या मुलखात, चारशे वस्तीचं गाव. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली शेजारची तीन गावंही झाकली जातील एवढं.

आज रविवार. वाचन ऐकायला रॉटरडॅमजवळच्या कापेलच्या या रांगेतल्या घरात सगळे जमले होते. सगळे म्हणजे मुलगा ईशान, सून ऋता आणि डेन हागहून, म्हणजे हेगहून, खास ट्रामने अन् ट्रेनने आलेली नणंद लतिका. नातीला, सलोनीला, हॉकीची मॅच होती. तेवढी एकच सुटली बिचारी.

"इसवी सन एक हजार शहाऐंशीच्या राजाच्या मोजणीत," श्यामकांत वाचत होते, "हॉक्सलोडची नोंद सापडते. अकरा कुटुंबं, एक पाणचक्की. सारा म्हणून गावानं दरसाल मठाला बाराशे वाम मासे द्यायचे."

लतिकानं मान डोलावली. दादा, कसलं बारीक शोधलंयस, असं काहीसं ती म्हणाली. सुरेखाबाईंच्या मनात आलं, सासूबाईंनी आयुष्यात अंडं घरात येऊ दिलं नाही आणि आता त्यांच्याच कुलवृत्तांताची सुरुवात बाराशे वामांनी होणार. श्रीकांतराव हे छापतील तेव्हा त्यांचा चेहरा बघायला पुण्याला जायला हवं.

मग चर्च आलं. चर्चमधलं नॉर्मन काळाचं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, त्यावरची वेलबुट्टी, घंटा किती आणि कुठल्या साली ओतल्या. या घंटा सुरेखाबाईंना चांगल्या माहीत होत्या. दर बुधवारी संध्याकाळी गावातले सहा हौशी लोक त्या दीड तास बडवत, सराव म्हणून. पहिला ठोका पडला की अर्धांग झालेले सासरे दचकत आणि तोंडातली पेज गळपट्टीवर यायची. बुधवारी पेज साडेचारलाच भरवायची, हे त्या आपल्या आपण शिकल्या. हे कुठल्या मोजणीत नव्हतं.

सतराव्या शतकात डच इंजिनिअर येऊन त्यांनी फेनची दलदल उपसली, कालवे काढले, बांध घातले, इथं श्यामकांतांनी चष्मा काढला. कागद खाली ठेवून ते म्हणाले, बघा, ज्या देशानं आपल्याला नोकरी दिली, घर दिलं, त्याच देशाच्या माणसांनी आपलं गाव घडवलं, याला योगायोग म्हणायचं का? ईशान मोबाईलवरून डोळे न उचलता म्हणाला, नाही बाबा. ऋता वेलबुट्टीच्या फोटोकडे बघत होती. ती वाखनिंगनच्या विद्यापीठात मातीवर संशोधन करते, त्यामुळे तिला काहीतरी विचारायचं होतं. तिनं विचारलं की, दलदल सुकवल्यावर जमीन खचली असणार ना? श्यामकांत खूश झाले. तक्ताच काढला होता त्यांनी, कुठल्या साली किती फूट. पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन सुकते तशी बसत जाते, म्हणून तिथं नद्या शेतांपेक्षा वरून वाहतात आणि जुनी घरं एका अंगाला कलतात.

सगळं बरोबर होतं, सुरेखाबाई हे नाकारणार नव्हत्या. पण एप्रिलमध्ये कोरडा वारा सुटला की तीच काळी माती ढगासारखी उठते आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागतात, हे त्या तक्त्यात कुठं होतं? आजारी माणसाच्या चादरी, दिवसाला चार. या माणसाला तिथली माती फुटात माहीत होती. चादर त्यानं एकही धुतली नव्हती.

एकतिसाव्या पानावर डॉक्टर आले. एकोणीसशे बासष्टला त्यांनी हॉक्सलोडात पाऊल ठेवलं. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी बर्फातून चालत जाऊन एका बाईचं बाळंतपण केलं. पुढं अख्खा गाव त्यांना मानू लागला. मग सत्याऐंशी साल आणि पक्षाघात.

"अखेरची सहा वर्षं," श्यामकांतांनी वाचलं, "कुटुंबीयांनी त्यांची निष्ठेनं शुश्रूषा केली."

आणि पान उलटलं.

"कुटुंबीय म्हणजे कोण कोण हो?" सुरेखाबाईंनी विचारलं. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"म्हणजे आपण सगळेच. कुलवृत्तांतात असंच लिहायची पद्धत आहे."

पद्धत तर खरीच. पद्धतीप्रमाणे त्यांचीही नोंद होती, शेवटून दुसऱ्या पानावर, नवऱ्याच्या नावाखाली: पत्नी सुरेखा, माहेरच्या निमकर, गृहिणी, वास्तव्य नेदरलँड्स. संपलं. त्यांनी ते काल टेबल आवरताना वाचलं होतं. सत्याऐंशीच्या सप्टेंबरात त्या हॉक्सलोडला गेल्या, सहा आठवडे म्हणून. ईशान तेव्हा आठ वर्षांचा, इथल्या शाळेत नुकताच रुळलेला. सासूबाई आधीच गेलेल्या. श्यामकांतांना बंदरातली नोकरी. लतिकाला तिची नोकरी. म्हणजे सख्ख्या बापाच्या आजारपणात मुलीची नोकरी सुटण्यासारखी नव्हती, पण भाच्याला सांभाळायला ती याच घरात मुक्कामाला येण्यासारखी होती. सहा आठवड्यांची सहा वर्षं झाली. सुरेखाबाई परत आल्या तेव्हा ईशानला मिसरूड फुटलं होतं आणि तो लतिकाला विचारल्याशिवाय फ्रीजसुद्धा उघडत नव्हता.

त्या उठून चटणी आणायला गेल्या. परत आल्या तर श्यामकांत कागदांची थप्पी ठोकून सारखी करत होते आणि चेहऱ्यावर तो विशिष्ट भाव होता, पोरांना सरप्राइज द्यायचा.

हॉक्सलोडच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी हे लिखाण इंग्रजीत करून पाठवलं होतं म्हणे. अध्यक्ष म्हणजे निवृत्त शिक्षक, वय ऐंशी. त्यांचं दोन पानी उत्तर आलं. त्यात त्यांनी डॉक्टरांची आठवण काढली होती आणि शेवटी लिहिलं होतं, आता तुम्ही एकदा आमच्यात परत यायलाच हवं. श्यामकांतांनी ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. जन्म सदाशिव पेठेतला. या एकदा निवांत घरी, हे दारात उभं राहून शंभर जणांना ऐकवण्यात ज्यांची हयात गेली, अशा लोकांत वाढलेला माणूस. आणि त्याला एका इंग्रज मास्तराचं तेच वाक्य आमंत्रण वाटावं! सुरेखाबाईंना हसू फुटलं, पण ते पुढच्याच वाक्याला विरलं.

चर्चच्या मागं एक लहान घर रिकामं होतंय. त्यांनी ते बघून ठेवलंय. आणि या घराचे फोटो काढायला मंगळवारी अकरा वाजता मकेलार येतोय.

मकेलार म्हणजे घरं विकून देणारा दलाल, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं. सुरेखाबाईंनी ईशानकडे पाहिलं. त्यानं मोबाईल पालथा ठेवला होता आणि तो समोरच्या कागदी रुमालाचे बारीक तुकडे करत होता. म्हणजे याला माहीत होतं. लतिकाकडे पाहिलं तर ती डोळे मिटून हसत होती. तिलाही.

"वहिनी, किती शांत आहे तिथं," लतिका म्हणाली. "मला तर अजून त्या स्ट्रॉबेऱ्या आठवतात."

लतिकाबाई दर जुलैला चार दिवस यायच्या हॉक्सलोडला. जुलैत स्ट्रॉबेऱ्या असतात. फेब्रुवारीत बीटरूट काढून झालेलं असतं आणि क्षितिजापर्यंत काळा चिखल, साडेचारलाच दिवे. पण फेब्रुवारीत बोटीचं तिकीट कोण काढणार.

ऋतानं हळूच विचारलं, "आईंना विचारलंत का बाबा?"

श्यामकांत म्हणाले, त्यात विचारायचं काय, ती तर तिथली जुनी माणूस. ईशाननंही मान हलवली. "आई, तुला तर तिथली सवय आहे," तो म्हणाला. अगदी सौम्यपणे म्हणाला, समजूत घातल्यासारखा. सुरेखाबाईंना वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

फक्त एक काम राहिलं होतं, ते श्यामकांतांनी आत्ताच उरकून टाकायचं ठरवलं होतं. ते चौदाव्या वर्षी वडिलांकडं गेलेले, त्यामुळे त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश. सुरेखाबाईंचा डच. ब्रेक्झिटनंतर तिथं जाऊन राहायचं तर बायकोच्या नावानं वेगळा अर्ज करावा लागणार होता. तो त्यांनी भरून, छापून ठेवला होता. फक्त सही हवी. सहीच्या जागी पिवळी चिकटचिठ्ठीसुद्धा लावली होती, बाईमाणूस गोंधळू नये म्हणून.

पेन पुढं आलं. सुरेखाबाईंनी हात पुढं केला नाही, म्हणून कागद ऋतानं उचलले. परमिटवर या देशात आलेली मुलगी ती. दर दोन वर्षांनी इमिग्रेशनचे कागद एकटीनं भरलेले, त्यामुळे कुठलाही फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची तिला खोडच होती. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"बाबा, इथं विचारलंय, यापूर्वी यूकेमध्ये राहिला आहात का. तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"बरोबर आहे."

"आई सहा वर्षं राहिल्या ना तिथं?"

श्यामकांत हसले. अगं, ते काही राहणं नव्हे, ते म्हणाले. ते अण्णांच्या आजारपणापुरतं, जाऊन-येऊन. उगाच तारखा लिहिल्या की पुरावे मागतात, चौकशा होतात.

सुरेखाबाईंनी पालथं ताट उचललं आणि बाजूला ठेवलं. आपल्याला एवढा राग येऊ शकतो आणि तरी आवाज इतका साधा राहू शकतो, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"जाऊन-येऊन तुम्ही होतात," त्या म्हणाल्या. "महिन्यातून एकदा. शुक्रवारची बोट, रविवारी परत. शनिवारी सकाळी कॅमेरा घेऊन चर्च बघायला जायचात. मी सहा वर्षांत त्या गावाच्या शिवेबाहेर रात्र काढली नाही, चार वेळा सोडून. त्या चारही वेळा इथं आले होते, ईशानच्या वाढदिवसाला. बाकीचे दोन वाढदिवस अण्णा हॉस्पिटलात होते."

श्यामकांत म्हणाले की, तिच्या कष्टांबद्दल कोणाचं दुमत नाहीच आहे.

"मत कुणी मागितलंय? तुम्हाला भूगोल हवाय ना, मी सांगते. आपल्या दारापासून बसथांबा सातशे पावलं. बस मंगळवारी आणि शुक्रवारी. औषधं शुक्रवारी. पोस्टाच्या खिडकीतली बाई पहिल्या वर्षी माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायची, बहिऱ्याशी बोलतात तसं. तिसऱ्या वर्षी नावानं हाक मारायला लागली, चुकीच्या. अख्खा गाव डॉक्टरांना मानायचा, खरंय. डॉक्टर अंथरुणावर पडल्यावर त्या अख्ख्या गावातून भेटायला किती आले? पहिल्या महिन्यात सगळे. नाताळनंतर एक. मिसेस टर्नर, गुरुवारी, केक घेऊन. ती मेल्यावर कोणी नाही. हा इतिहास. लिहा."

लतिका म्हणाली, वहिनी, आता जुनं कशाला. सुरेखाबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. लतिकानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

ईशान मात्र गोंधळून आईकडे पाहत होता. सेहेचाळीस वर्षांचा, कानांवर पांढरे झालेले केस, आणि चेहऱ्यावर जे होतं ते सुरेखाबाईंनी ओळखलं. शाळेत गणित चुकलं की तो असा बघायचा. म्हणजे त्या जायच्या आधी.

"पण तुला आवडायचं ना तिथं?"

"कोणी सांगितलं?"

त्यानं वडिलांकडे पाहिलं, मग आत्याकडे. "सगळेच सांगायचे," तो म्हणाला. "बाबा म्हणायचे, आईला तिथं बरं वाटतं, मोकळं वाटतं. आत्या म्हणायची, तू विचारू नकोस, तिला रडू येतं, मग तिला इथं येणं नकोसं होतं. म्हणून मी कधी विचारलं नाही. वाढदिवसाला यायचीस तेव्हाही नाही." तो थांबला. "मला वाटलं, तुला परत जायचं असेल. म्हणून मी बाबांना हो म्हटलं. मी म्हटलं, तेव्हाही तू तेच निवडलं होतंस."

सुरेखाबाईंना बाकीचं टेबल दिसेनासं झालं. अडतीस वर्षं. अडतीस वर्षं हा मुलगा आपल्याशी असा पाहुण्यासारखा वागतो आणि आपण म्हणायचं, स्वभाव आहे, इथं वाढला, इथली मुलं अशीच. सुनेपाशी त्याचं कौतुक करायचं की, बघ कसा कधी कशाचा हट्ट करत नाही.

"मी तीन पत्रं लिहिली होती," त्या म्हणाल्या. "नर्स ठेवा नाहीतर ईशानला इकडं पाठवा, इथं शाळा आहे, चालत पाच मिनिटांवर. तिसरं तर नुसतं तुझ्याच नावानं होतं. यांनी कळवलं, ईशान लतिकाजवळ छान रमलाय, आता हलवलंस तर त्याचं वर्ष बुडेल. शाळेला पन्नास मुलं होती त्या. मी मास्तरीणबाईंशी बोलूनसुद्धा आले होते. बाक दाखवला होता त्यांनी."

"माझ्या नावाचं पत्र?" ईशान म्हणाला.

लतिका म्हणाली, आठ वर्षांच्या मुलाला काय सांगायचं होतं, तो रात्र-रात्र जागा राहिला असता. तिचा आवाज चिरका झाला होता. ती खोटं बोलत नव्हती, हे सुरेखाबाईंना कळत होतं. तिनं त्या मुलाला जीव लावला होता, ताप आला तर उशाशी बसली होती. आणि ते पत्र दाबलंही होतं. दोन्ही तिनंच केलं होतं.

श्यामकांतांनी कागद पुन्हा ठोकून सारखे केले. त्या वेळी तेच सगळ्यांच्या सोयीचं होतं, असं ते कुणाकडेही न बघता म्हणाले. अण्णांना परका हात चालत नव्हता. नोकरी सोडली असती तर घर कसं चाललं असतं. आता हे सगळं उकरून काय निघणार, मकेलार तर मंगळवारी येतोय.

"येऊ दे," सुरेखाबाई म्हणाल्या. "कॉफी देईन त्याला. पण माझ्या सहीशिवाय या देशात हे घर विकलं जात नाही. एवढी त्रेचाळीस पानं वाचलीत, हे कायद्याचं तेवढं वाचायचं राहिलं."

ऋतानं अर्ज त्यांच्यापुढं सरकवला आणि तिसरं पान उघडून दिलं. पेनही तिनंच दिलं. सुरेखाबाईंनी त्या 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: सप्टेंबर एकोणीसशे सत्याऐंशी ते ऑक्टोबर एकोणीसशे त्र्याण्णव. सही केली नाही. कागद श्यामकांतांच्या थप्पीवर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला जायचं तर खुशाल जा, चर्चच्या मागं राहा, घंटा ऐका. श्रीकांतरावांना मात्र हे पान पाठवा. छापू देत, नाहीतर फाडू देत.

श्यामकांतांनी त्या तारखांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना चूक सापडत नव्हती.

ईशान उठला. तो दाराकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं. तो टेबलाला वळसा घालून आला आणि आईच्या बाजूची खुर्ची ओढून बसला, इतक्या जवळ की तिचा कोपर त्याला लागत होता.

"आई," त्यानं विचारलं, "तुला कुठं राहायचंय?"

सुरेखाबाईंना आधी वाटलं, म्हणावं, हे आता विचारतोस. तोंडावर आलं होतं. पण विचारलं तर यानंच होतं, पहिल्यांदा.

"तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "तेव्हासुद्धा तुझ्याजवळच राहायचं होतं रे."